पांढरी रानमेथी कशी ओळखावी : बेळगाव परिसरातील नवख्या निरीक्षकांसाठी

भाताची कापणी उरकली की बेळगाव आणि खानापूर तालुक्यांतील खाचरांत जमिनीतल्या ओलीवर मसूर, हरभरा, वाटाणा अशी कडधान्ये पेरली जातात. उत्तरेकडे चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावर गहू व चारापिके उभी राहतात. डिसेंबर ते मार्च या काळात या शिवारांच्या बांधांवर, पाटांच्या कडेला, रस्त्यालगतच्या भरावावर आणि रेल्वेच्या खडीत तीन-तीन पानांची, सडपातळ तुऱ्यांची आणि बारीक पांढऱ्या फुलांची एखादी शेंगवर्गीय वनस्पती दिसली, तर ती मेलिलोटस आल्बस असू शकते. मराठीत तिला पांढरी रानमेथी म्हणतात. उत्तर भारतात तिच्या जातभाईंना सेंजी या नावाने चाऱ्यासाठी पेरतात. तिचे मूळ युरोप आणि आशियाच्या पश्चिम व मध्य भागांत आहे, दख्खनच्या पठारावर ती बाहेरून आलेली आहे.

ही वनस्पती ओळखणे अवघड नाही, पण नवखा निरीक्षक बहुतेक वेळा फुलाच्या पांढऱ्या रंगापाशीच थांबतो आणि नाव ठरवून मोकळा होतो. रंग ही या कामातली सर्वांत दुबळी खूण आहे. या परिसरात पांढरी फुले धरणाऱ्या शेंगवर्गीय वनस्पती अनेक आहेत आणि त्यांतल्या काही तर आपण स्वतःच पेरलेल्या असतात. म्हणून पुढे दिलेला क्रम सोडू नये. आधी कुल, मग पान, मग देठाच्या बुडाशी असलेली उपपर्णे, मग फूल आणि शेवटी शेंग अशा क्रमाने पाहावे. शेंग हाती येईपर्यंत आपल्या नोंदीत नावापुढे ‘बहुधा’ हा शब्द राहू द्यावा.

निघण्यापूर्वी

दहापट मोठे दाखवणारे खिशातले भिंग, मिलिमीटरच्या खुणा असलेली छोटी पट्टी, एक टाचणी, वही-पेन्सिल आणि दोन-चार जुनी वर्तमानपत्रे एवढे साहित्य पुरते. दुसऱ्याच्या शेतात शिरण्यापूर्वी मालकाला विचारावे. उभ्या मसुरात पाय न टाकता बांधावरूनच पाहावे, कारण हवी असलेली वनस्पती बांधावर आणि पाटाच्या कडेलाच अधिक मिळण्यासारखी असते. सकाळी दव उतरल्यानंतरची वेळ चांगली, कारण तेव्हा फुले उमललेली असतात आणि फोटोही स्वच्छ येतो.

पहिली पायरी : कुल पक्के करणे

शेंगवर्गीय कुलात जगभरात सुमारे २० हजार जाती आहेत आणि त्या सगळ्यांची फुले वाटाण्याच्या फुलासारखी नसतात. सुबाभूळही याच कुलातली, तीही परदेशातून म्हणजे मेक्सिकोकडून आलेली आणि तिचेही फूल पांढरेच. मात्र तिचा गोल गोंडा हा पुंकेसरांचा झुबका असतो. बहावा आणि टाकळा यांची फुले पाच सुट्या पाकळ्यांची आणि बरीचशी उघडी असतात. आपल्याला हवे आहे ते पतंगाच्या आकाराचे फूल. त्यात पाठीमागे उभी असलेली एक रुंद पाकळी म्हणजे ध्वज, दोन बाजूंच्या दोन पाकळ्या म्हणजे पंख आणि पुढे तळाशी एकमेकींना चिकटून होडीसारखी झालेली दोन पाकळ्यांची जोडी म्हणजे नौतल. हा आकार भिंगाखाली दिसला नाही तर पुढे जाण्यात अर्थ नाही. गाजरगवत, ज्याला सर्वजण काँग्रेस गवत म्हणतात, त्याची पांढरी फुले लांबून फसवतात, पण भिंग लावताच तिथे ध्वजही नसतो आणि नौतलही नसतो.

ज्यांना हा आकार अजून डोळ्यांत बसलेला नाही त्यांनी आधी परसातल्या वाटाण्याचे एक फूल घेऊन ते पाकळी-पाकळीने सोडवून पाहावे. नौतल उघडल्यावर आत दहा पुंकेसर दिसतात. त्यांतले नऊ तळाशी जुळून नळी करतात आणि दहावा वरच्या बाजूला सुटा राहतो. पांढऱ्या रानमेथीतही हीच रचना आहे. मात्र ते फूल चार-पाच मिलिमीटरचे असल्यामुळे तिथे हे प्रथमच शोधायला गेल्यास हाती काही लागत नाही.

दुसरी पायरी : पान

पान तीन पर्णिकांचे असावे. पाचसात पर्णिका असतील, किंवा पानाच्या टोकाला वेलीसारखा ताणा असेल, तर ती पांढरी रानमेथी नाही. एवढ्या एका खुणेने मसूर, हरभरा, वाटाणा आणि लाख ही चारही पिके बाजूला होतात. मसुराचे फूल पांढुरके, निळसर झाक असलेले आणि लहान असते, त्यामुळे मसुराच्या खाचरात रंगावर विसंबणाऱ्याची फसगत होणे स्वाभाविक आहे. पण मसुराचे पान अनेक बारीक पर्णिकांचे असते आणि त्याच्या टोकाला ताणा असतो.

तीन पर्णिका दिसल्यावर मधल्या पर्णिकेकडे पाहावे. तिचा देठ बाजूच्या दोन पर्णिकांच्या देठांहून स्पष्टपणे लांब असतो, म्हणजे मधली पर्णिका थोडी पुढे सरकलेली दिसते. बरसीम या चारापिकात आणि हिरवळीत पसरणाऱ्या पांढऱ्या क्लोव्हरमध्ये तिन्ही पर्णिका जवळजवळ एकाच बिंदूतून निघतात. पर्णिका दीड ते तीन सेंटिमीटर लांब, लंबगोल आणि टोकाकडे किंचित गोलसर असतात. त्यांच्या कडांना उथळ, बारीक दाते असतात. आता पान उजेडाकडे धरून शिरा पाहाव्यात. मधल्या शिरेपासून निघालेल्या बाजूच्या शिरा कडेपर्यंत सरळ जातात आणि नेमक्या दात्यांत संपतात. मेथी, लसूणघास, क्लोव्हर आणि रानमेथी या सगळ्या गटाची ही खूण आहे. खानापूरच्या जंगलातल्या त्रिपर्णी शेंगवर्गीय वनस्पतींच्या, उदाहरणार्थ चिकट शेंगांच्या डेस्मोडियमच्या, पर्णिकांच्या कडा अखंड असतात आणि तिथे शिरा अशा दात्यांत संपत नाहीत. माझ्या मते नवख्या माणसाने शिकावी अशी सर्वांत उपयोगी खूण हीच आहे, कारण फूल नसतानाही ती दिसते.

तिसरी पायरी : उपपर्णे

पानाचा देठ जिथे खोडाला मिळतो तिथे दोन्ही बाजूंना दोन इवले अवयव असतात. त्यांना उपपर्णे म्हणतात. बहुतेक लोक त्यांच्याकडे पाहतच नाहीत, पण पांढरी आणि पिवळी रानमेथी वेगळी करताना हीच जागा कामी येते. पांढऱ्या रानमेथीची उपपर्णे सुईसारखी अरुंद, टोकाला निमुळती आणि कडांना दाते नसलेली असतात. आपल्या गव्हात आणि हरभऱ्यात तण म्हणून येणाऱ्या पिवळ्या रानमेथीची, म्हणजे मेलिलोटस इंडिकसची, उपपर्णे तळाशी रुंद आणि कडांना पातळ पापुद्र्यासारखी असतात. खालच्या पानांच्या उपपर्णांना कधी कधी एखाददुसरा दाताही असतो. उपपर्णे नेहमी झाडाच्या मधल्या भागातल्या ताज्या पानांपाशी पाहावीत. बुडाकडची पाने वाळून गळालेली असतात आणि शेंड्याकडची अजून पुरती वाढलेली नसतात.

चौथी पायरी : उभे झाड

या पायरीवर फार वेळ घालवू नये. झाड ताठ किंवा थोडे तिरपे उभे राहते आणि त्याला फांद्या बऱ्याच फुटतात. चांगल्या ओलाव्यात ते माणसाच्या कमरेच्या वर जाते, क्वचित दोन मीटरपर्यंतही पोहोचते. खोडावर उभ्या रेषा असतात आणि बुंधा जून झाल्यावर काष्ठमय होतो. जमिनीवर सरपटणारे, गाठीगाठींवर मुळे धरणारे खोड दिसले तर ते पांढरे क्लोव्हर असण्याची शक्यता पाहावी. दुसऱ्या झाडावर चढणारा वेल असेल आणि फूल चार-पाच सेंटिमीटरचे असेल, तर ती पांढरी गोकर्ण होय. थंड देशांत पांढरी रानमेथी पुष्कळदा पहिल्या वर्षी नुसती पाने धरते आणि दुसऱ्या वर्षी फुलते. तिचे एका हंगामात आटोपणारे प्रकारही आहेत आणि भारतात चाऱ्यासाठी ती रब्बीचे पीक म्हणूनच घेतली जाते.

पाचवी पायरी : तुरा आणि फूल

फुले पानांच्या बेचक्यातून निघालेल्या लांब, सडपातळ तुऱ्यावर येतात. एका तुऱ्यावर चाळीस ते ऐंशी फुले असतात. ती खालून वर उमलत जातात, त्यामुळे तुऱ्याच्या बुडाशी शेंगा धरलेल्या असताना शेंड्याला कळ्या शिल्लक असतात. सुरुवातीला तुरा आखूड आणि दाट दिसतो, पुढे तो लांबत जाऊन फुलांमध्ये अंतर पडते. प्रत्येक फूल थोडे खाली झुकलेले असते. फुले गोल बोंडासारखी एकत्र गर्दी करून असतील तर ते बरसीम किंवा क्लोव्हर आहे. बरसीम १९०४ साली इजिप्तमधून भारतात आले आणि ओलिताच्या चाऱ्याचे मोठे पीक झाले. त्याची फुले पिवळसर पांढरी असतात आणि कापणी चुकलेल्या बरसीमची झाडे पाटाकडेला रुजलेली आढळल्यास नवल नाही.

आता एकच फूल देठासकट खुडून तळहातावर घ्यावे आणि पट्टीने मोजावे. पांढऱ्या रानमेथीचे फूल चार ते पाच मिलिमीटर भरते, पिवळ्या रानमेथीचे दोन ते तीन. हे मोजमाप आवर्जून करावे, कारण पिवळ्या रानमेथीची फुले कोमेजली की फिकट पडतात आणि दुपारच्या उन्हात त्यांचा तुरा पांढुरका वाटू शकतो. ध्वज दोन्ही पंखांहून लांब आहे का तेही पाहावे, पांढऱ्या रानमेथीत तो लांब असतो. मग टाचणीच्या टोकाने नौतल हलकेच खाली दाबावी. पुंकेसरांची नळी आणि किंजल वर डोकावतात, आणि टाचणी काढताच नौतल पूर्ववत बंद होते. लसूणघासाच्या फुलात असे होत नाही. तिथे दाब पडताच पुंकेसर झटक्याने ध्वजावर आपटतात आणि ते पुन्हा आत जात नाहीत. लसूणघासाची फुले एरवी जांभळी असतात, पण फिकट आणि पांढरट फुलांची झाडेही त्यात निघतात, म्हणून ही कसोटी लक्षात ठेवण्यासारखी आहे. मधमाशीचे वजन पडल्यावर फुलात नेमके हेच घडते. मधमाश्या या फुलांवर भरपूर येतात आणि अमेरिकेत ही वनस्पती चारा व मध या दोन्हींसाठी मुद्दाम वाढवली गेली.

सहावी पायरी : शेंग

शेंग मिळाली की प्रश्न बहुतेक सुटतो. पांढऱ्या रानमेथीची शेंग तीन ते पाच मिलिमीटर लांब, अंडाकृती आणि बिनलवेची असते. पिकल्यावर ती करडी ते काळपट होते आणि तिच्यात एक, क्वचित दोन बिया असतात. भिंगाखाली तिच्या पृष्ठभागावर उठून आलेल्या शिरांची जाळी दिसते. पिवळ्या रानमेथीची शेंगही जाळीदारच, पण आणखी लहान, दोन-तीन मिलिमीटरची असते. घरच्या मेथीची शेंग मात्र पाच सेंटिमीटरहून लांब, बारीक, वाकडी आणि टोकाला चोच असलेली असते. तिची पिवळसर पांढरी फुले तुऱ्यावर न येता पानाच्या बेचक्यात एकेकटी किंवा जोडीने बसतात. लसूणघासाची शेंग पीळ पडलेली असते. डेस्मोडियमची शेंग सांध्यासांध्यांनी तुटते आणि कपड्यांना चिकटते. त्यातल्या एका सरपटणाऱ्या, गुलाबी फुलांच्या जातीलाही मराठीत रानमेथीच म्हणतात. म्हणून नोंदीत शास्त्रीय नाव लिहिणे आवश्यक आहे.

सातवी पायरी : वास

पाने चुरगाळल्यावर मंद वास येतो. खरा वास झाड वाळल्यावर येतो. एक फांदी कागदात गुंडाळून रात्रभर सावलीत ठेवली तर दुसऱ्या दिवशी नुकत्याच कापून वाळत घातलेल्या गवताचा गोडसर वास सुटतो. तो कुमारिन या द्रव्यामुळे येतो. हा वास पिवळ्या रानमेथीलाही असतो, त्यामुळे त्यावरून फक्त प्रजाती (जीनस, म्हणजे मेलिलोटस) कळते, जात (स्पीशीज) कळत नाही. चव घेऊन ओळखण्याचा प्रयत्न करू नये आणि कोवळे झाड मेथीसारखे दिसते म्हणून ते भाजीत घालू नये.

वैरणीबाबत एक आवश्यक सूचना

या वनस्पतीची ओळख केवळ हौसेपुरती नाही, आणि सीमाभागातल्या घराघरांत गायी-म्हशी असल्यामुळे हे सविस्तर सांगणे मला महत्त्वाचे वाटते. १९२० च्या दशकात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी भागात खच्चीकरणासारख्या किरकोळ शस्त्रक्रियांनंतर गुरांचे रक्त थांबेनासे झाले आणि अनेक गुरे दगावली. पशुवैद्य फ्रँक स्कोफील्ड यांनी त्याचे कारण बुरशी लागलेल्या रानमेथीच्या वैरणीत असल्याचे दाखवले. पुढे विस्कॉन्सिनमध्ये कार्ल पॉल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या वैरणीतले डायकुमारॉल हे द्रव्य वेगळे केले. बुरशी कुमारिनपासून हे द्रव्य बनवते आणि ते व्हिटॅमिन ‘के’च्या कामात अडथळा आणते, त्यामुळे रक्त गोठत नाही. याच संशोधनातून वॉरफरिन तयार झाले. ते १९४८ पासून उंदीर मारण्यासाठी आणि १९५४ पासून माणसांवर रक्त पातळ ठेवणारे औषध म्हणून वापरले जाऊ लागले.

धोका मुख्यतः भिजून बुरसलेल्या वैरणीचा आहे. नीट वाळवलेल्या वैरणीत किंवा चरताना तोंडात आलेल्या हिरव्या फांद्यांत तो तसा नसतो. म्हणून बांधावरचे गवत कापताना त्यात रानमेथी पुष्कळ असेल तर ते ओले गंजीत रचू नये, आणि बुरशीचा वास येणारी पेंडी जनावरापुढे टाकू नये. अशी वैरण खाल्लेल्या जनावराच्या नाकातून रक्त येणे, कातडीखाली सूज धरणे किंवा जखम वाहत राहणे यांपैकी काही दिसले, तर ती वैरण तत्काळ बंद करावी आणि पशुवैद्याला बोलावून वैरणीचा नमुनाही दाखवावा. यावर व्हिटॅमिन ‘के’चा उपचार आहे, पण तो पशुवैद्यानेच करायचा असतो.

ती बाहेरची आहे हे कशावरून ठरवावे

झाडाकडे पाहून ते देशी की परदेशी हे सांगता येत नाही. आधी जात पक्की करावी लागते आणि त्यानंतर त्या जातीचा मूळ प्रदेश नोंदींतून पाहावा लागतो. बेळगाव जिल्हा पूर्वी मुंबई इलाख्यात असल्यामुळे थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केलेल्या त्या इलाख्याच्या वनस्पतिकोशात या भागाचाही समावेश आहे. जुने संदर्भ तपासताना तो उपयोगी पडतो. वाळवलेल्या नमुन्यांशी तुलना करायची असल्यास कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग जवळचा आहे, तर भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र १९५५ पासून पुण्यात आहे.

जागा ही पूरक खूण समजावी. बाहेरून आलेल्या अशा वनस्पती सहसा माणसाने उकरलेल्या जमिनीत दिसतात. नांगराखालच्या शेतात, कालव्याच्या भरावावर, रस्त्याच्या कडेला त्यांना जागा मिळते. जांबोटी किंवा कणकुंबीच्या दाट जंगलात पांढऱ्या फुलांची शेंगवर्गीय वनस्पती दिसली तर आधी देशी जातींचा विचार करावा. तिथली कानफुटी हे चांगले उदाहरण आहे. तिची पांढरट फुले कागदासारख्या घडी पडलेल्या छदांच्या (फुलांलगतच्या पानासारख्या भागांच्या) आड लपलेली असतात आणि तिचे पान एकसंध व रुंद असते.

नोंद आणि नमुना

चार फोटो घ्यावेत. एक पूर्ण झाडाचा, एक देठाच्या बुडाशी उपपर्णे दिसतील असा, एक फुलाचा बाजूने आणि एक शेंगांचा. फुलामागे गडद रंगाची वही धरली तर पांढऱ्या पाकळ्या स्पष्ट येतात. हे फोटो आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर टाकल्यास जाणकार ते तपासून नाव सुचवतात. मोबाइलमधले आपोआप नाव सांगणारे साधन प्रजातीपर्यंत ठीक नेते, पण पिवळी की पांढरी हे ठरवण्यासाठी त्यावर विसंबू नये.

नमुना ठेवायचा असल्यास फूल आणि शेंग दोन्ही असलेली फांदी वर्तमानपत्रात पसरून दाबून ठेवावी आणि पहिला आठवडाभर कागद रोज बदलावा. वाळल्यावर ती साधारण २९ बाय ४१ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवावी. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, शेजारचे पीक, जमीन काळी की तांबडी, झाडाची उंची आणि फुलाचा ताजा असतानाचा रंग लिहावा. हा रंग त्याच जागी लिहून घ्यावा, कारण वाळलेल्या नमुन्यावरून तो नंतर सांगता येत नाही.

शेतकऱ्याला ती पिकात नको असेल तर शेंगा पिकण्यापूर्वीच, भांगलणीच्या वेळी मुळासकट उपटून टाकण्यास सांगावे. बियांचे कवच कठीण असते आणि त्या मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. म्हणून पिकलेल्या शेंगांची झाडे शेणखताच्या खड्ड्यात टाकू नयेत. ती वेगळी वाळवून जाळावीत.